‘अहो’ सापडला नाही

ज्याला योग्य वेळी योग्य माणसाला नावानं हाक मारता येते, तो जगावर राज्य करतो. हे वाक्य एखाद्या जुन्या ग्रंथातलं वाटलं तर तो वाचकाचा दोष नाही. पण ते माझं आहे, आणि भीमराजच्या कारखान्यातल्या फळ्यावर मी ते स्वहस्ते, रंगीत खडूनं लिहिलं होतं. डबा खाऊन परत आलो तर खाली दुसऱ्या कुणाच्या अक्षरात भर पडली होती : ‘काका, काकूचा फोन आलता. गॅस संपलाय. नंबर तुमच्या नावावर हाय म्हणं.’

मी चौतीस वर्षं एका मोठ्या कारखान्यात इन्स्पेक्टर होतो. मैलूरला राहायला आलो तेव्हा दारावरच्या पाटीत नावाखाली ‘इन्स्पेक्टर’ एवढंच लिहिलं होतं. त्यामुळे पहिली दोन वर्षं गल्लीतली माणसं मला बघून हेल्मेट घालायची. मी पोलिसातला नसून नटबोल्टांतला आहे हे कळल्यावर त्यांनी हेल्मेट काढलंच, शिवाय नमस्कारही काढून घेतला. असो.

भीमराज माझ्या हाताखाली तयार झालेला. आता त्याचा स्वतःचा कारखाना आहे : नऊ लेथ, नऊ कारागीर, आणि एक नवं, म्हणजे दुसऱ्यानं वापरून कंटाळून विकलेलं, मोजणीचं मशीन. काळ्या ग्रॅनाइटचा टेबल, त्यावर एक कमान, कमानीतून खाली उतरणारी काडी आणि काडीच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा माणकाचा गोळा. हा गोळा नगाला अलगद शिवतो आणि तुम्ही किती मायक्रॉननं चुकलात ते सांगतो. मीही जन्मभर व्हर्नियर घेऊन हेच सांगत आलो. पण मी सांगितलं की लोक भांडायचे. मशीननं सांगितलं की मान खाली घालतात.

ते मशीन चालवायची रेणुका. आयटीआय झालेली, मंठाळ गावची सून. आधी सहा वर्षं कानस घेऊन नगांच्या कडा घासत होती, मग बघून बघून मशीन शिकली. नवरा तानाजी तिथंच तीन नंबरच्या लेथवर.

भीमराज एक दिवस घरी आला. “काका, हैदराबादच्या कंपनीचा साहेब येणार हाय, मोजणी बघायला. त्यानं पास केलं तर तीन वर्षांचं काम आपल्याला. अन् मी रेणुकाला सांगून बसलाव, पास झालं तर मोजणीखोली तुझी. न्हाई झालं तर मला हैदराबादहून शिकलेला माणूस आणावा लागंल, तू परत कानशीवर. तुम्ही नुसतं येऊन बसा.”

नुसतं बसणाऱ्या माणसानं जगाचं जेवढं नुकसान केलंय, तेवढं काम करणाऱ्यानं केलं नसेल.

मी बसलो, बघितलं, आणि मला खोट दिसली. नऊ नगांचे नऊ प्रोग्राम, आणि प्रत्येकाचा पहिला पानभर मजकूर सारखाच : गोळा तपास, नगाचा कोपरा शोध, तिथून शून्य धर. मागं कुणीतरी धक्का मारून माणकाची काडी मोडली होती. नवी बसवल्यावर तिचं माप नऊ ठिकाणी बदलायचं होतं. आठ ठिकाणी बदललं गेलं. राहिलेल्या नवव्यानं एका सज्जन फ्लँजला चार दिवस वाया गेलेला ठरवलं.

मी म्हणालो, “मुख्य प्रोग्राम एकच ठेवू. सगळ्यांचं सारखं काम तो करील. पुढचं ज्याचं त्याचं काम बाहेरच्या छोट्या प्रोग्रामांकडं. मुख्यानं फक्त हाक मारायची.”

“म्हणजे सबरूटीन,” रेणुका म्हणाली. “पण काका, हाक कुणाला मारायची ते मुख्यामधी आधीच लिहावं लागतंय न्हवं?”

इथंच माझी प्रतिभा जागी झाली. लग्नाच्या पंगतीत आचाऱ्याला तुम्ही सांगून ठेवलं की वरण लागलं की अण्णारावला हाक मार, आणि अण्णाराव मांडव बांधायला गेला, की लोक कोरडा भात खाऊन उठतात. त्याऐवजी आचाऱ्याच्या हातात एक चिठ्ठी द्या. चिठ्ठीवर जे नाव असेल त्याला हाक. आचारी तोच, चिठ्ठी बदलली की माणूस बदलला. आमच्या मशीनवर ही चिठ्ठी म्हणजे पडद्यावरची एक रिकामी चौकट : ‘नाव टाका’. टाकलेलं नाव मुख्य प्रोग्राम उचलणार, त्या नावाचा प्रोग्राम कपाटातून शोधणार आणि त्याला कामाला लावणार. नाही मिळाला तर काय म्हणायचं तेही मीच लिहून ठेवलं : ‘अमुक सापडला नाही.’ चौतीस वर्षांत मला एवढं नम्र वाक्य कधी सुचलं नव्हतं.

राहिली नावं. नगांचे कंपनीचे नंबर सतरा-सतरा अक्षरांचे, मधे आडव्या रेघा. ते कारखान्यात कुणी उच्चारत नाही. तिथं म्हणतात, अण्णारावचा फ्लँज, रत्नपालची पिन, तानाजीची बुश, म्हणजे आखूड पोकळ नळी. ज्याच्या लेथवर जे होतं ते त्याचं. मग मीही प्रोग्रामांना कारागिरांचीच नावं दिली.

संध्याकाळी हे मी शेजारच्या हणमंतरावांना अभिमानानं सांगितलं. हणमंतराव एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झालेत. आयुष्यभर टनात विचार केलेला माणूस. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, हे मी त्यांना समजावलं तेव्हा त्यांनी माझ्याकडं आजारी माणसाकडं बघतात तसं बघितलं.

“आमच्या काट्यावर माशी बसली काय अन् म्हैस बसली काय, आकडा हालत न्हवता,” ते म्हणाले. “पण एक ऐका माझं. नावं ठेवू नका. नावं ठिवली की माणसं दुखावत्यात.”

मी हसलो. हसायला नको होतं.

पहिली अडचण आली ती सुधारानी मॅडमकडून. मॅडम कारखान्याचं कागदपत्रांचं रजिस्टर सांभाळतात. त्यांच्या रजिस्टरात नसलेली वस्तू त्यांच्या मते जगात नसते. नव्या प्रोग्रामचा फॉर्म दोन पानी होता. नवव्या रकान्यात विचारलं होतं : ‘हा प्रोग्राम कोणकोणत्या प्रोग्रामना बोलावतो?’

मी लिहिलं, ‘प्रसंग पडेल तसे.’

मॅडमनी लाल पेनानं त्याखाली रेघ ओढली. “हे काय री सर? नाव लिहा.”

“नाव आधी ठरलेलं नसतं. तीच तर गंमत आहे.”

“मग ठरवणार कोण?”

“रेणुका.”

“कवा?”

“नग समोर आल्यावर.”

“आगंगिल्ल री सर, होत न्हाई. ज्याचं नाव अजून ठरलं न्हाई त्याला मी रजिस्टरमधी कसं घेऊ? बारसं तरी होऊ द्या की.”

तीन दिवस मी त्यांना पंगतीचा दृष्टांत देत होतो. चौथ्या दिवशी त्यांनी मला शांतपणे विचारलं, “त्या लग्नात जेवलाव तरी का तुम्ही, का नुसतंच हाका मारायलाव?” शेवटी नऊच्या नऊ नावं त्या रकान्यात कोंबून लिहिली. म्हणजे जे आधी लिहायला लागू नये म्हणून एवढा खटाटोप केला, तेच आधी लिहिलं. मॅडमनी वर एक सूचनाही दिली : एकदा चढलेलं नाव बदलायचं असेल तर हैदराबादच्या कंपनीची लेखी परवानगी लागेल, महिना जाईल. मी म्हणालो, “बदलायचं कशाला?” आयुष्यात मी मूर्खपणाची जी वाक्यं बोललो त्यांत याचा क्रमांक बराच वर लागेल.

कारण मशीन सुरू झालं आणि माझ्या लक्षात आलं, की रेणुका आठ नावं झरझर टाकते आणि बुशच्या वेळी तिचं काहीतरी बिनसतं. “काका, हे एक तुम्ही टाका की, माझे हात तेलाचे हायत.” हात तर स्वच्छ होते. दुसऱ्या दिवशी तिला तेवढ्यात तहान लागली. तिसऱ्या दिवशी डोळ्यांत कचरा गेला. साहेब यायला आठ दिवस उरले तेव्हा मी रंगीत तालीम घेतली आणि हात मागं बांधून उभा राहिलो.

“टाक.”

“तुम्हीच टाका, काका.”

“साहेबासमोर मी टाकलं तर मोजणीखोली मला मिळंल, तुला नाही.”

ती खुर्चीत बसली, दीर्घ श्वास घेतला आणि इंग्रजी अक्षरांत काहीतरी टाकलं. पडद्यावर माझं नम्र वाक्य उमटलं : ‘अहो सापडला नाही.’

“हे काय टाकलंस?”

“नाव टाकलंय की.”

“कुणाचं?”

“त्यांचंच.”

पुन्हा टाकलं. ‘शैलूचे पप्पा सापडला नाही.’ शैलश्री ही तिची मुलगी.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. “अगं, तोंडानं कुठं म्हणायचंय? बोटानं दाबायचंय नुसतं!”

“मी बोटानं दाबणार अन् मशीन हाक मारणार. तुम्हीच लिहिलाव की फळ्यावर, नावानं हाक मारायची म्हणून.”

“आधार कार्डावर आहे ना त्याचं नाव?”

“ते तिथल्या पोरानं टाकलंय.”

“शिकलेली बाई तू, आणि असल्या जुन्या—”

“कामून जुन्या?” ती एकदम वळली. “लग्न झाल्यावर वर्षभर मी सगळ्यांसमोर नावानं हाक मारायची. सासूबाई तोंडाला पदर लावायच्या, मी मारायचीच. मग हितं कामाला लागले. एक दिवस डबा द्यायला गेले अन् मागून मोठ्यानं नाव घेतलं. ते चालू लेथवर मुंडी वळवून बघितले. डाव्या करंगळीचं पेर गेलं, काका. सासूबाई म्हणल्या, नाव घेतल्यानं झालं. मला ठावं हाय, वळून बघितल्यानं झालं. पण ते वळले कामून? नाव घेतलं म्हणूनच की. तवापासून न्हाई घेतलं अन् न्हाई घेणार.”

‘मूळ कारण शोधा, मूळ कारण शोधा,’ म्हणत मी चौतीस वर्षं लोकांचा जीव खाल्ला होता. मूळ कारण असं स्वच्छ पुढ्यात येऊन बसल्यावर इन्स्पेक्टरनं काय करावं, हे कुठल्याच नियमपुस्तकात नव्हतं. मी पाणी प्यायलो.

फाइलचं नाव बदलणं म्हणजे सुधारानी मॅडम आणि एक महिना. मग मला आपल्या थोर परंपरेची आठवण झाली. नाव घेता येत नाही त्यासाठी पूर्वजांनी सोय करून ठेवलीच आहे.

“उखाण्यात घेतेस का?”

रेणुकानं विचार केला. “उखाण्यात चालतंय. उखाण्यातलं नाव म्हणजे हाक नव्हं.”

तिनं चौकटीत टाकला :

माणकाच्या टोकानं मोजते छिद्र गोल,
तानाजीरावांच्या बुशला मायक्रॉनचं मोल.

मशीननं तो आख्खा उखाणा प्रोग्रामचं नाव समजून शोधला. कुठल्याही कपाटात दोन ओळींच्या नावाचा इसम नसल्यामुळे ते बराच वेळ गप्प राहिलं आणि मग पडदाच काळा झाला. कारागीर मात्र काम सोडून दाराशी जमले होते. “वन्स मोअर,” रत्नपाल म्हणाला.

मी हार मानणारा नव्हतो. दोन रात्रींची झोप खर्चून नवं कलम लिहिलं : टाकलेल्या मजकुरात ‘राव’ जिथं येईल तो शब्द पकड, रावापासून पुढचं छाट, उरेल त्याला हाक मार. रेणुकानं उखाणा टाकला, मशीननं ‘राव’ पकडला, छाटला, तानाजी शोधला, आणि काडी डौलात बुशवर उतरली! उखाणा टाकायला तीन मिनिटं आणि बुश मोजायला दीड, हा तपशील मी त्या आनंदाच्या क्षणी कुणाच्या लक्षात येऊ दिला नाही.

पुढचा नग होता फ्लँज. रेणुकानं ‘अण्णाराव’ टाकलं. मशीननं शिस्तीत राव छाटला.

‘अण्णा सापडला नाही.’

खुद्द अण्णाराव मागंच उभे होते. कारखान्यातले सर्वांत जुने कारागीर. त्यांनी पडदा दोनदा वाचला.

“काका, बापानं ठिवलेलं ‘राव’ हाय ते. पासष्ट वर्षांत भावकीनं काढलं न्हाई, तुमच्या मशीननं एका मिनिटात काढलं? अन् वर ‘सापडला नाही’ म्हणायलंय. मी हितंच उभा हाय की!”

मी माफी मागितली. मशीननं मागितली नाही. ‘राव’ छाटणारं कलम मी छाटलं.

हणमंतरावांना हे कुठून कळलं ठाऊक नाही; पण संध्याकाळी ते फाटकाशी उभे राहून नुसते माझ्याकडं बघत राहिले. ‘नावं ठेवू नका’ हे त्यांनी पुन्हा उच्चारलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. मी अंगणात खुर्ची टाकून तोंड लपवून बसलो होतो. एवढ्यात आतून इंदिराबाईंचा, म्हणजे आमच्या मंडळींचा, आवाज आला, “अहो!”

“व्हय!” मी म्हणालो आणि उठलो.

“व्हय!” हणमंतरावही म्हणाले आणि फाटक उघडून आत आले.

इंदिराबाई म्हणाल्या, “तुम्ही न्हाई भाऊजी, आमचे.”

आणि मला साक्षात्कार झाला. मशीन म्हणत होतं, ‘अहो सापडला नाही’. मग ‘अहो’ सापडेल अशी व्यवस्था करायची! ‘अहो’ नावाचा एक चिमुकला प्रोग्राम ठेवायचा. त्याच्या पोटात एकच ओळ : तानाजीला हाक मार. रेणुका ‘अहो’ला बोलावणार, ‘अहो’ जाऊन तानाजीला घेऊन येणार. बाईनं नाव घेणं नाही, मशीनचं अडणं नाही. हणमंतराव आत आले होते, या घटनेकडं मी त्या उत्साहात दुर्लक्ष केलं. शास्त्रज्ञ दुर्लक्ष करतात तेव्हा असंच करतात.

जुनं नाव बदलायचं नव्हतं, नवं चढवायचं होतं, म्हणून हैदराबादची परवानगी नको, नुसता फॉर्म. सुधारानी मॅडमच्या या नव्या फॉर्मवर विचारलं होतं : ‘नाव संक्षिप्त असल्यास पूर्ण रूप लिहा.’ मी क्षणभर घुटमळलो आणि लिहिलं, ‘ऑटोमॅटिक होल ओरिएंटेशन.’ मॅडमनी पहिल्यांदाच माझ्याकडं आदरानं बघितलं आणि शिक्का मारला.

साहेब आले. रंगवलेले केस, हातात फाइल, बोलणं हैदराबादचं. फ्लँज पास झाला. पिन पास झाली. मग बुश आली. रेणुकानं ‘अहो’ टाकलं, न अडखळता. काडी हलली. साहेबांनी रजिस्टर उघडून त्या नावावर बोट ठेवलं, पूर्ण रूप वाचलं आणि मान डोलावली.

त्या मान डोलावण्यानं माझा घात केला. मला वाटलं, ज्याच्या नावासाठी एवढं रामायण झालं त्यानं हा क्षण बघायलाच पाहिजे. मोजणीखोलीची काचेची खिडकी लेथांकडं उघडते. मी ती सरकवली आणि छाती भरून ओरडलो, “तानाजी! ये, बघ तुझी बुश!”

पुढचं सगळं एका सेकंदात झालं. रेणुका खुर्चीवरून उडाली आणि दाराशेजारचं मोठं लाल बटन तिनं तळहातानं हाणलं. त्या बटनानं सगळ्या कारखान्याची वीज जाते. नऊच्या नऊ लेथ कण्हत थांबले. पंखे थांबले. माणकाचा गोळा बुशच्या पोटात अडकून राहिला. 

तानाजी लेथवर नव्हताच. साहेबासमोर बरं दिसावं म्हणून तो बाहेर नळावर तोंड धुवायला गेला होता.

“अम्मा,” साहेब थंडपणे म्हणाले, “बटन कायकू दबाये?”

भीमराजनं डोळे मिटले. रेणुका बटनापुढून हलली नाही.

“चालू लेथ पे आदमी को पीछे से नाम लेके नक्को पुकारना, साब. मुंडी घुमाता. उंगली जाती. इनकी गई.”

“इनकी किनकी?”

“इनकी.”

मी तोंड उघडणार होतो. रेणुकानं माझ्याकडं असं बघितलं की मी ते मिटलं. तेवढ्यात ओल्या तोंडानं तानाजी दारात आला, काय चाललंय ते त्याला कळेना. सगळे आपल्याकडं बघायलेत म्हटल्यावर त्यानं शाळेत हजेरी देतात तसा डावा हात वर केला. करंगळी एका पेरानं आखूड होती.

साहेबांनी तो हात जवळ जाऊन बघितला. मग त्यांनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. रेणुकानं वीज सुरू केली, काडी अलगद वर घेतली, मशीन पुन्हा शून्यावर आणलं आणि ‘अहो’ टाकलं. बुश दोन मायक्रॉननं पास झाली.

दहा दिवसांनी अहवाल आला, दीड पानी. त्यातलं एक आख्खं पान रेणुकावर होतं : आधी वीज बंद, मग हाक, ही पद्धत कंपनीच्या इतर कारखान्यांनीही उचलावी. काम मिळालं. मोजणीखोलीच्या दारावर पाटी लागली, ‘प्रमुख : रेणुका टी.’ त्या ‘टी’चा उलगडा कुणी विचारला तर ती चहा मागवते. माझ्या मुख्य प्रोग्रामबद्दल, चिठ्ठीबद्दल, अहवालात एक अक्षर नव्हतं. माझ्याशी संबंध असलेलं वाक्य एकच, शेवटून दुसरं : ‘फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलेला, नावानं हाक मारण्यास उत्तेजन देणारा मजकूर सुरक्षिततेच्या दृष्टीनं तातडीनं पुसावा.’ तो मीच पुसला.

परवा संध्याकाळी रेणुका घरी आली, पेढे घेऊन. इंदिराबाईंनी तिला जवळ बसवून घेतलं. मी चष्मा पुसून तयार झालो. ऋण मान्य करणारी चार वाक्यं आता येणार, त्यावर विनयानं काय म्हणायचं ते मी ठरवून ठेवलं होतं.

“काका,” ती म्हणाली, “एक बारकं काम होतं.”

“बोल की.”

“सोमवारपासून रत्नपालभाऊंची बायको रूपाली यायलीय मशीनवर, शिकायला. ती बी त्यांना ‘अहो’च म्हणती.”

“बरं, मग?”

रेणुकानं पेढ्याच्या डब्याकडं बघत हळूच सांगितलं, “तिनं ‘अहो’ टाकलं तर आमचे यायला नको. तेवढं बघा की.”